हृदयाची नळी उघडली, पुढे काय?

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघालात, की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. लोक तिला नुसते ‘चिंचोळी एमआयडीसी’ म्हणतात. कापड, रसायने, यंत्रांचे सुटे भाग असे नाना उद्योग इथे चालतात. औषधांसाठी लागणारी रसायने करणारे कारखानेही आहेत. पाळी सुटली, की निम्मी माणसे सोलापूरकडे आणि निम्मी मोहोळकडच्या गावांकडे परततात. अशा कामकऱ्यांत आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांत छातीत एकदा कळ येऊन गेलेली, स्टेंट बसवलेली किंवा बायपास झालेली माणसे आज गावोगाव भेटतात.

पूर्वी असे नव्हते. बायपास म्हटले की शेताचा तुकडा विकायचा, नाहीतर देवावर हवाला ठेवायचा. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. कारखान्यातल्या पुष्कळ कामगारांना कामगार विम्याचा आधार असतो. एकंदरीत, गरिबाच्या हृदयाचीही आता दुरुस्ती होऊ लागली, ही मोठीच गोष्ट झाली.

पण दुरुस्ती झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ज्यांचे उपचार २०१२ च्या सुमारास झाले त्यांना आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अशी माणसे पुढे कशाने दगावतात? ऐकायला हा प्रश्न अभद्र वाटेल. परंतु विहिरीचा कठडा कुठे ढासळलाय हे ठाऊक असले, म्हणजे माणूस तिथे पाय जपून टाकतो. त्याच हेतूने हा विचार करू.

आधी हे पाहू, की उपचारात नेमके झाले काय. हृदय हा मुठीएवढा स्नायूचा पंप. तो साऱ्या शरीराला रक्त पोचवतो, पण त्याचे स्वतःचे पोषण त्याच्याच अंगावरून गेलेल्या बारीक रोहिण्यांतून होते. या रोहिण्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साचते, भिंत आतून फुगते आणि वाट अरुंद होते. एखादा फुगवटा फुटला, की त्यावर रक्ताची गुठळी धरते. रक्त थांबते आणि त्या भागातला स्नायू मरू लागतो. हाच हार्ट अटॅक. स्टेंट म्हणजे अरुंद जागा फाकवून आत बसवलेली जाळीची नळी. बायपास म्हणजे अडलेली जागा चुकवून, पायाची शीर किंवा छातीच्या आतली रोहिणी जोडून काढलेली दुसरी वाट. पायाची शीर वापरून बायपास करण्याची रीत अमेरिकेत १९६७ साली रेने फावालोरो यांनी रूढ केली. फुग्याने नळी उघडण्याचा पहिला उपचार १९७७ साली झ्युरिकला आन्द्रेआस ग्रुंटझिग यांनी केला.

आता ठिबकवाल्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगायला नको. क्षाराच्या पाण्याने ड्रिपर चोंदला, तर आपण तो काढून साफ करतो. पण पाणी तेच राहिले, तर आज हा चोंदला, उद्या शेजारचा चोंदेल. म्हणून शहाणा शेतकरी पाण्यावरच इलाज करतो. हृदयाचेही तसेच. डॉक्टरांनी एक-दोन जागा मोकळ्या केल्या, पण ज्या कारणाने नळी अरुंद झाली ते कारण रक्तात, सवयीत आणि साऱ्या अंगभर तसेच राहिले. साखर, रक्तदाब, तंबाखू आणि चरबी ही ती कारणे. ती फक्त हृदयावर चालून येतात असे नाही. मेंदू, मूत्रपिंड, पाय, फुप्फुस, सगळीकडे त्यांचा हात पोचतो.

याचा पडताळा परदेशातल्या दोन मोठ्या पाहण्यांत मिळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९१ ते २००८ या काळात नळी उघडण्याचा उपचार करून घरी परतलेल्या १९ हजारांवर रुग्णांचा माग ठेवला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या वर्षांत मृत्यूंमध्ये हृदयाचा वाटा मोठा होता. शेवटच्या टप्प्यात मात्र शंभर मृत्यूंपैकी सुमारे ३७ च हृदयाच्या कारणाने झालेले आढळले. बाकीचे दुसऱ्या आजारांनी गेले. दुसरी पाहणी डेन्मार्कमधली, तीही २०१४ सालचीच. मोठा अटॅक येऊन तातडीने नळी उघडलेल्या सुमारे २,८०० रुग्णांची ती होती. पहिला महिना धोक्याचा. त्यात मृत्यू झाले ते बहुतेक हृदय पार खचल्याने, किंवा मेंदूला रक्त न मिळाल्याने. तो महिना पार पडला, की हृदयाच्या कारणाने मरण येण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात दीडापेक्षाही कमी झाले. महिन्यानंतर जे मृत्यू झाले त्यांत शंभरातले ६५ हृदयाबाहेरच्या कारणांनी होते, आणि त्यांत कर्करोग व फुप्फुसाचे विकार पुढे होते.

तुम्ही म्हणाल, “तिकडचं तिकडं. आमच्या मोहोळ-माढ्याला हे कसं लागू पडणार?” शंका अगदी रास्त आहे. त्या देशांतल्या रुग्णांना गोळ्या वेळेवर मिळतात, तपासणी चुकत नाही. म्हणूनच त्यांचे हृदय सांभाळले गेले आणि मरण दुसऱ्या दाराने आले. आपल्याकडे दोन बाबतींत फरक आहे.

पहिला फरक वयाचा. जगातल्या ५२ देशांतील पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचे मधले वय ५३ निघाले. इतर देशांत ते ५९ च्या घरात होते. म्हणजे आपला माणूस कर्तेपणाच्या वयातच सापडतो, आणि उपचारानंतर त्याला वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. दुसरा फरक गोळ्यांचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या एका अभ्यासात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांकडे जाऊन ‘तुम्ही कोणती औषधे घेता?’ असे विचारले. कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात तेव्हा भारत होता. त्या गटातले शंभरातले ८० जण जरुरीच्या औषधांपैकी एकही घेत नव्हते! तेव्हा आपल्याकडे दोन्ही दारे उघडी आहेत, हृदयाचेही आणि बाहेरचेही. दोन्हींवर कडी घालायला हवी.

आधी हृदयाचे दार पाहू. त्यातून मृत्यू तीन वाटांनी येतो.

एक, नळी पुन्हा बंद होणे. नवा स्टेंट म्हणजे रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू. तिच्यावर आतले नाजूक अस्तर चढेपर्यंत गुठळी धरण्याची भीती असते. म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात. ही जोडगोळी किती महिने घ्यायची ते डॉक्टर ठरवतात; अटॅकनंतर बहुधा वर्षभर. ती मध्येच बंद करणे हे स्टेंट अचानक चोंदण्याचे मोठे कारण आहे. बायपासचे म्हणाल, तर पायाच्या शिरेचे जोड दहा वर्षांत जवळजवळ निम्मे बंद पडतात. छातीच्या रोहिणीचे जोड त्या मानाने फार टिकतात, शंभरात नव्वदच्या आसपास. म्हणूनच ‘दहा वर्षं काही झालं नाही, आता कसली भीती?’ हा हिशोब उलटा आहे. दहाव्या वर्षीच तर तपासणी जास्त नेमाने करायची.

दुसरी वाट, हृदय थकत जाणे. अटॅकमध्ये जेवढा स्नायू मेला तेवढा पंप कमजोर झाला. इको तपासणीच्या कागदावर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. हृदयात भरलेल्या रक्तापैकी शंभरात किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकले जाते, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ च्या वर असतो. तो ३५ किंवा त्याखाली आला, तर पायांवर सूज, आडवे पडल्यावर दम लागणे, रात्री धाप लागून उठून बसणे असे त्रास होऊ शकतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण समजावे आणि दवाखाना गाठावा.

तिसरी वाट, ठोक्यांचा ताल बिघडणे. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो. हृदयाची वीज त्या व्रणाभोवती भरकटली, की हृदय नुसते थरथरते आणि रक्त फेकणे थांबते. ‘काल तर चांगले बोलत होते’ असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांतले पुष्कळ असे जातात. ज्यांचा तो आकडा फार कमी आहे त्यांना ताल सुधारणारे छोटे यंत्र छातीत बसवण्याचा सल्ला डॉक्टर कधी देतात. तो ऐकून घाबरू नये आणि टाळूही नये.

आता दुसरे दार, हृदयाबाहेरचे.

इथे सगळ्यांत वर तंबाखू येते. आपल्या राज्यात तंबाखू वापरणारे बहुतेक लोक ती ओढत नाहीत, खातात. बायका मिश्री लावतात. ‘मी कुठं बिडी ओढतो? नुसती चिमूटभर मळतो,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मळलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि रक्तवाहिन्यांनाही इजा होते. बिडीमुळे फुप्फुस झिजते, ते वेगळेच. म्हणजे तंबाखू दोन्ही दारांतून आत येते. उलट चांगली बातमी अशी, की हृदयविकार झाल्यावरसुद्धा धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी राहिल्याचे वीस अभ्यासांच्या एकत्रित हिशोबात दिसले आहे. एवढा गुण फार थोड्या औषधांना आहे, आणि याला पैसा लागत नाही, उलट वाचतो.

त्यानंतर साखर आणि मूत्रपिंड. मधुमेहाने हृदयाच्या नळ्या बिघडतात तशा मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्याही बिघडतात. वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासावीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मधुमेही माणसाला अटॅक येताना छातीत दुखेलच असे नाही. नुसता घाम, धाप, मळमळ किंवा एकाएकी आलेली गळून गेल्यासारखी अवस्था, एवढेच लक्षण असू शकते.

रक्तदाब ताब्यात नसेल तर पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो होतो. आणि साधा वाटणारा ताप-खोकलासुद्धा दुबळ्या हृदयाला पेलत नाही. अटॅक आलेल्या रुग्णांना लगेच फ्लूची लस दिली, तर वर्षभरात मृत्यू कमी होतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. लस दिलेल्यांत शंभरात सुमारे ३, न दिलेल्यांत सुमारे ५. तेव्हा दरवर्षीच्या लशीविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. मनाचेही विसरू नका. अटॅकनंतर माणूस उदास होतो, ‘आता आपण कामाचे राहिलो नाही’ असे त्याला वाटते. असा माणूस जेवण सोडतो, गोळ्या सोडतो. हाही आजाराचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता गोळ्यांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. समजा, चिंचोळीतल्या एखाद्या कारखान्यात काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ आहेत. स्टेंट बसवून सहा महिने झाले. छातीत दुखत नाही, जिना चढता येतो. एक दिवस गोळ्या संपतात. पगाराला आठवडा आहे. घरचे म्हणतात, “अहो, आता तुम्हाला काही होत नाही, मग कशाला रोज एवढ्या गोळ्या?” गोळ्या थांबतात. दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माणसाला वाटते, आपण उगाच घेत होतो. पण छातीत काही होत नव्हते, ते गोळ्यांमुळेच! ॲस्पिरिन गुठळी धरू देत नाही. स्टॅटिन रक्तातली वाईट चरबी उतरवते आणि भिंतीतले फुगवटे फुटू देत नाही. ठोके मंद करणारी गोळी पंपाला विसावा देते. ती एकदम बंद केली तर ठोके उसळतात. रक्तदाबाची गोळी हृदयावरचा आणि मूत्रपिंडावरचा भार हलका करते. यांतली एकही दुखणे थांबवणारी नाही, म्हणून तिचा गुण अंगाला कळत नाही.

पैशाची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. भारतातल्या ८९ रुग्णालयांत २० हजारांवर हृदयरुग्णांची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. महिन्याभरात गरीब रुग्णांत शंभरात ८.२ दगावले, श्रीमंतांत ५.५. उपचारांतला फरक हिशोबात धरला, तेव्हा हे अंतर उरले नाही. याचा अर्थ, गरिबाचे हृदय जात्या दुबळे नव्हते, त्याला उपचार कमी मिळाले. म्हणून डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, ‘साहेब, परवडेल अशी गोळी लिहून द्या.’ त्याच औषधाची साध्या नावाची गोळी जनऔषधी दुकानात पुष्कळ स्वस्त मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. विमा कामगाराने आपल्या दवाखान्याचा हक्क सोडू नये.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. ती हृदयाला आणि मूत्रपिंडाला दोहोंना बाधते. दात काढायचा असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद न करता आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण समजून लगेच दाखवावे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. जे लघवी वाढवणारी गोळी घेतात त्यांनी उन्हाळ्यापूर्वीच पाण्याचे आणि गोळीचे प्रमाण विचारून घ्यावे. रात्रपाळी असेल तर गोळ्यांची वेळ घड्याळावर न ठेवता जेवणाशी बांधावी. कशी, ते एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आणि छातीत पुन्हा कळ आली, तर ‘गॅस असेल’ म्हणून रात्र काढू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. रुग्णालयातून मिळणारे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि घरात ते फडताळात पडून राहते. तुम्ही ते मराठीत उतरवून द्या. गोळीचे नाव, ती कशासाठी, केव्हा घ्यायची, पुढची तपासणी कधी, आणि तो इकोचा आकडा किती. एका कागदावर एवढे मावते. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलामुलीला तो कागद समजावून द्या, म्हणजे आजोबांची गोळी चुकायची नाही. शाळेत छाती दाबण्याचे प्रात्यक्षिकही आरोग्य केंद्राच्या मदतीने घेता येईल. माणूस कोसळला, हाक दिली तरी बोलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. त्या थरथरणाऱ्या हृदयाला तेवढाच आधार असतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी आज रात्री जेवणे झाल्यावर गोळ्यांचा डबा काढून पाहावा. किती दिवसांच्या उरल्या आहेत ते मोजावे. आठवड्याच्या आत संपणाऱ्या असतील, तर उद्या सकाळी आणण्याची तजवीज करावी. तंबाखूची डबी मात्र परत भरू नये.